दक्षिणा, बक्षीस, मानधन : नव्या मराठी लेखकाच्या पैशाची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर खाली चहाच्या टेबलापाशी एक मुलगी भेटली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कथा लिहिते. तिची एक कथा एका दिवाळी अंकाने स्वीकारली होती. ती मला म्हणाली, "सर, एक विचारू? पैसे किती देणार, असं त्यांना विचारलं तर चालेल का? की राग येईल त्यांना?"

प्रश्न साधा होता, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढच्या वेळी सांगतो म्हणालो. घरी गेल्यावर लक्षात आलं की राग येईल का, ही जी तिची भीती आहे ना, तिला चांगला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आज ठरलेला विषय बाजूला ठेवून मी त्याच इतिहासाबद्दल बोलणार आहे. संयोजकांनी समजून घ्यावं.

सुरुवात शब्दापासून करू. गवंड्याला आपण मजुरी देतो. डॉक्टरला फी, कारकुनाला पगार, भटजींना दक्षिणा. आणि लेखकाला? मानधन. म्हणजे मान म्हणून दिलेलं धन. हा शब्द वक्त्यालाही लागतो, परीक्षकालाही लागतो. आणि अंगणवाडी सेविकेलाही लागतो, हे विसरू नका. दिवसभर काम करणाऱ्या बाईच्या पैशाला वेतन न म्हणता मानधन म्हटलं की काय होतं, हे त्या बायकांना विचारा. वर्षानुवर्षं त्या त्यासाठी आंदोलनं करतायत. वेतन हा हक्क असतो. मानधन किती द्यायचं आणि केव्हा द्यायचं, हे देणाऱ्याच्या मनावर. आणि घेणाऱ्याने ते मोजून बघणं जरा कमीपणाचं.

माझी पहिली कथा छापून आली तेव्हा पंचाहत्तर रुपयांची मनीऑर्डर आली होती. खाली निरोपाच्या जागेत दोन ओळी लिहिलेल्या. ती पावती मी कितीतरी वर्षं जपून ठेवली होती. दुसऱ्या एका अंकात दोन वर्षांनी मोठी कथा आली, त्याचे पैसे कधीच आले नाहीत. अंकाचं नाव सांगत नाही, तो आता बंदही पडलाय. सांगायचं ते हे की मी विचारलं नाही. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं फक्त. टाकलं नाही. का टाकलं नाही, हे मला त्या मुलीच्या प्रश्नामुळे कळलं.

तर आता पुण्याला जाऊ या. पर्वतीच्या पायथ्याशी. पेशवाईत श्रावण महिन्यात तिथल्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. ही प्रथा मुळात सेनापती खंडेराव दाभाडे यांची, तळेगावची. दाभाड्यांचा जोर ओसरला तशी पेशव्यांनी ती पुण्यात आणली. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण यायचे. वाटपाची रक्कम काही वर्षी लाखांच्या घरात जायची. त्यात दोन प्रकार होते. शास्त्री, वैदिक यांची विद्या पाहून त्यांना मोठी रक्कम, आणि बाकीच्यांना रमण्यात सरसकट. म्हणजे एका अर्थी ही विद्वत्तेची परीक्षा होती आणि तिला रोख बक्षीस होतं. फक्त तिच्यात मराठीला जागा नव्हती आणि ब्राह्मणाशिवाय दुसऱ्या कुणाला प्रवेश नव्हता.

१८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टन हा हुशार माणूस. एका फटक्यात दक्षिणा बंद केली तर पुणं बिथरेल, हे त्याला कळत होतं. त्याने वर्षाला पन्नास हजार रुपयांपर्यंत ती चालू ठेवली, पण सरसकट वाटप थांबवून विद्येकडे वळवली. याच निधीच्या आधाराने १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. हा विश्रामबागवाडा लक्षात ठेवा, गोष्टीत तो पुन्हा येणार आहे. पुढे सरकारने नवी नावं घेणं थांबवलं. जुने दक्षिणापात्र लोक जसजसे वारत गेले तसतशी रक्कम शिल्लक राहू लागली. आणि शिल्लक रक्कम दिसली की तिचं काय करायचं, हा वाद होणारच.

तो १८४९ साली झाला. पुण्यातल्या काही तरुण सुशिक्षितांनी सरकारकडे अर्ज केला. पुढाकार गोपाळ हरी देशमुखांचा, म्हणजे लोकहितवादींचा. 'प्रभाकर'मधून त्यांची शतपत्रं तेव्हा येतच होती. अर्जाचा आशय असा की दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. आज आपल्याला हे इतकं सौम्य वाटतं! पण पुण्यात त्यावरून वादळ उठलं. धर्मादायाचा पैसा प्राकृत पुस्तकांना? अर्जावर सह्या करणाऱ्यांना वाळीत टाकण्याच्या धमक्या आल्या, अंगावर येण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा या तरुणांच्या पाठीशी उभा राहिला बावीस वर्षांचा एक माळी समाजातला मुलगा. वर्षभरापूर्वीच त्याने मुलींची शाळा काढली होती. जोतीराव फुले. अर्जदारांच्या संरक्षणासाठी ते सुमारे दोनशे माणसं घेऊन आले, त्यांत महार-मांग समाजातली माणसं होती, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलंय.

हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मराठी लेखकाला पैसे मिळावेत या मागणीसाठी ब्राह्मण तरुणांनी अर्ज केला, आणि त्यांच्या जिवाला धक्का लागू नये म्हणून ज्यांना लिहिता-वाचताही येऊ दिलं जात नव्हतं ती माणसं येऊन उभी राहिली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा प्रसंग पहिल्या पानावर हवा. तो बहुतेक वेळा फुल्यांच्या चरित्रात सापडतो, वाङ्मयाच्या इतिहासात नाही.

सरकारने अर्ज मानला. १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. तिची पद्धत बघा, कारण ती आजच्या बहुतेक पुरस्कारांपेक्षा एका बाबतीत बरी होती. लेखकाने हस्तलिखित पाठवायचं. सभासदांनी ते वाचायचं, मत द्यायचं. पसंत पडलं तर रोख बक्षीस. म्हणजे पैसा पुस्तक छापून झाल्यावर मिळत नव्हता, छापायच्या आधी मिळत होता. ज्याच्याकडे छापखान्याला द्यायला पैसे नाहीत, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही, अशा माणसालाही हे दार निदान कागदावर उघडं होतं. नवा लेखक म्हणजे शेवटी कोण? ज्याचं अजून पुस्तक नाही तो. बक्षीस त्याच्या हस्तलिखितापर्यंत पोचत नसेल तर ते खऱ्या अर्थाने नव्या लेखकाचं नाहीच.

समितीत आणि तिच्या अवतीभवती युरोपियन अधिकारी होते आणि पुण्यातले शास्त्री होते. मेजर थॉमस कँडींचं नाव तुम्हाला माहीत असेल. मराठीत पूर्णविराम-स्वल्पविराम रूढ करणारे, मोल्सवर्थच्या कोशावर खपलेले कँडी. कृष्णशास्त्री चिपळूणकर समितीचे चिटणीस होते. काम साहजिकच विद्वानांच्या हाती होतं, आणि विद्वानांना काय आवडतं? अनुवाद. इंग्रजीतून विज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र, संस्कृतातून नाटकं. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांची 'वेणीसंहार', 'शाकुंतल', 'मृच्छकटिक' ही भाषांतरं याच काळातली, याच वातावरणातली. मी त्याला नावं ठेवणार नाही. मराठी गद्याला व्यायाम लागत होता, तो त्या भाषांतरांनी दिला. पण त्यातून उपयुक्त, शुद्ध, सभ्य मराठी म्हणजे काय, याचा एक साचाही पडत गेला.

आणि त्या साच्यासमोर १८५५ साली एक हस्तलिखित आलं. 'तृतीय रत्न'. नाटक. लेखक जोतीराव गोविंदराव फुले. वय अठ्ठावीस.

नाटकात काय आहे, थोडक्यात सांगतो. एक कुणबी बाई गरोदर आहे. एक जोशी तिच्या घरी येतो, ग्रहांची भीती घालतो, शांतीचा खर्च सांगतो. नवराबायको कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतात. मधेमधे एक विदूषक येऊन प्रेक्षकांशी बोलतो, भटाचं बिंग फोडतो. एक पाद्रीही भेटतो. शेवटी नवराबायको ठरवतात की आपण शिकायचं, आणि रात्रीच्या शाळेत जायला निघतात. हे तिसरं रत्न, म्हणजे विद्या. लक्षात घ्या, किर्लोस्करांच्या संगीत नाटकाला अजून पंचवीस वर्षं आहेत. विष्णुदास भाव्यांची पौराणिक आख्यानं चालू आहेत. आणि इथे एक माणूस पुण्याजवळच्या शेतकरी घरातलं कर्ज, भूक आणि भीती थेट त्यांच्या बोलीत रंगमंचावर आणू पाहतोय.

समितीने नाटक नाकारलं. पुढे 'गुलामगिरी'त, १८७३ साली, फुल्यांनी हे स्वतः सांगितलंय. समितीतल्या ब्राह्मण सभासदांच्या हट्टापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं त्यांचं म्हणणं. ही फुल्यांची बाजू आहे आणि तिच्यात मला अतिशयोक्ती दिसत नाही. ज्या नाटकात जोशीच आरोपी आहे ते नाटक शास्त्र्यांच्या समितीने बक्षिसाला निवडावं, ही अपेक्षा कठीणच होती. पण मी त्यात एक गोष्ट वाढवीन. जात बाजूला ठेवली असती, आणि ती बाजूला ठेवता येत नव्हती, तरीसुद्धा ते नाटक अडलं असतं. कारण ते साच्यातलं मराठी नव्हतं. 'उपयुक्त ग्रंथ' म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे पुस्तक येतं, तसं ते दिसत नव्हतं. समित्या अनेकदा अशाच चुकतात. दुष्टपणा असतोच असं नाही. नवीन लेखन पुढ्यात येतं, पण ते लेखन आहे हेच ओळखू येत नाही.

आता या गोष्टीतला सगळ्यात बोचरा भाग. तीनच वर्षांपूर्वी, १८५२ साली, याच सरकारने फुल्यांचा सत्कार केला होता. शाळांच्या कामासाठी. मेजर कँडी हजर होते. शालजोडी दिली होती. कुठे? विश्रामबागवाड्यात. म्हणजे मुलींना शिकवणारा फुले त्यांना मानाने शाल द्यायला चालत होता. लिहिणारा फुले पैसे द्यायला चालला नाही. मानधन शब्दाचे दोन तुकडे करा आणि बघा. मान दिला, धन नाही. आपल्याकडे नव्या लेखकाच्या वाट्याला शाल-श्रीफळ जितकं येतं तितके पैसे येत नाहीत, ती परंपरा फार जुनी आहे हे मी जे म्हणतो ते यासाठी.

आणि ज्या अर्जामुळे ही समिती जन्मली, त्या अर्जाच्या रक्षणाला हाच माणूस उभा राहिला होता. तिथे प्रवेश मिळवून दिला दुसऱ्यांना. स्वतःचं हस्तलिखित परत आलं.

'तृतीय रत्न' छापलं केव्हा गेलं माहितेय? १९७९ साली. 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. एकशे चोवीस वर्षांनी. आता कल्पना करा की १८५५ साली ते बक्षीस मिळालं असतं, नाटक छापलं गेलं असतं, कुणीतरी खेड्यात त्याचे प्रयोग केले असते. मराठी नाटक कुठल्या रस्त्याने गेलं असतं? इतिहासकाराने असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. मी विचारतो. बक्षीस न मिळालेल्या हस्तलिखितांचा इतिहास असाच लिहावा लागतो, दुसरा मार्ग नाही.

फुले थांबले नाहीत. १८६९ साली शिवाजीचा पवाडा आणि 'ब्राह्मणांचे कसब', मग 'गुलामगिरी', पुढे 'शेतकऱ्याचा असूड'. त्यांचा ठेकेदारीचा व्यवसाय होता, माणसं जोडलेली होती, म्हणूनही हे शक्य झालं. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं अशा एखाद्या लेखकाचं हस्तलिखित परत आलं असेल, तर त्याचं नाव आज माझ्याजवळ असायचं कारण नाही.

१८७८ साली रानड्यांच्या आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. आज ज्याला आपण अखिल भारतीय साहित्य संमेलन म्हणतो त्याचं मूळ ते. दुसरी सभा १८८५ ला. रानड्यांनी फुल्यांना निमंत्रण पाठवलं. फुल्यांनी नकाराचं पत्र लिहिलं, ते प्रसिद्धच आहे. आमच्या लोकांचे हक्क ज्यांच्या ग्रंथांत नाहीत त्यांच्यात मिसळून आम्हाला काय मिळणार, असा त्याचा रोख. त्या पत्राकडे सहसा तत्त्वाचा मुद्दा म्हणून पाहिलं जातं, आणि तो आहेच. पण मला त्यामागे तीस वर्षांपूर्वी परत आलेलं ते हस्तलिखितही दिसतं. रानडे स्वतः याच दक्षिणा निधीचे फेलो होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरही. कारण मधल्या काळात दक्षिणेचा पैसा महाविद्यालयांतल्या फेलोशिपांकडे वळला होता. त्यातून मोठी माणसं तयार झाली यात शंका नाही. पण लेखकाच्या हाती थेट येणारा ओघ बारीक झाला.

पुढचा काळ मी जरा भरभर सांगतो. कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली आणि सरकारी आश्रयाच्या मराठीला धारेवर धरलं. वडील समितीचे चिटणीस, मुलगा वर्गणीदारांच्या जोरावर उभा. हा बदल मोठा आहे. पैसा आता दात्याकडून न येता वाचकाकडून यायला लागला. हरि नारायण आपट्यांनी १८९० ला 'करमणूक' काढलं, 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातूनच क्रमशः आली. पण हरिभाऊंच्या मागे आनंदाश्रम होता, काका होते. लेखणीवर चूल पेटवायची वेळ त्यांच्यावर नव्हती.

ज्यांच्यावर होती त्यांचं काय? केशवसुत बघा. आयुष्यभर शिक्षकाची नोकरी, या गावाहून त्या गावाला. १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. हयातीत एकही संग्रह नाही. तो पुढे हरिभाऊंनीच काढला. बालकवी बघा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, 'काव्यरत्नावली'च्या फडणीसांनी भरवलेलं. अध्यक्ष कर्नल कीर्तिकर. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला, कविता म्हटली, आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. उदयोन्मुख लेखकाचा पुरस्कार म्हणाल तर मराठीत यापेक्षा गाजलेला दुसरा नाही. त्या पदवीने त्याचं आडनाव पुसलं, पण तिच्याबरोबर उपजीविका आली नाही. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९१८ ला, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्याचा शेवट झाला.

खरा पालट झाला तो काशिनाथ रघुनाथ मित्रांमुळे. मूळ आडनाव आजगावकर, बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी मित्र झालेले. १८९५ साली 'मनोरंजन' काढलं आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक. मराठीतला पहिला. चित्रं, जाहिराती, जाड अंक, सणाची खरेदी. जाहिरात आली म्हणजे अंकाला एक वेगळा पैसा आला. पुढे 'किर्लोस्कर' आलं, कारखान्याच्या 'खबर'मधून १९२० साली निघालेलं, मग 'स्त्री', 'मनोहर'. कथालेखकाला वर्षातून एकदा तरी काहीतरी मिळण्याची शक्यता या व्यवहाराने निर्माण केली. दिवाळी अंकाबद्दल आपण भावुक होतो. जरूर व्हावं. पण तो एक बाजारही आहे, आणि नव्या लेखकाला बाजार कधीकधी समितीपेक्षा दयाळू ठरतो, कारण बाजाराला पानं भरायची असतात.

या बाजारालाही वैतागलेली माणसं निघाली. १९५५ च्या सुमारास 'शब्द', मग 'असो', 'वाचा', 'येरू', अशी अनियतकालिकं. सायक्लोस्टाइल केलेली, वर्गणी नाही, मोबदला नाही. १९६९ साली राजा ढाल्यांनी 'सत्यकथा'चा अंक जाळला. त्या पिढीने पैसा नाकारूनच स्वातंत्र्य मिळवलं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण एक शंका राहते. फुकट लिहिणं परवडणारा आणि फुकट लिहावं लागणारा, या दोघांत फरक असतो. तो आपण फारसा बोलून दाखवत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, तिने तुमची करमणूक होईल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. एक कथा आली, 'कृष्णविवर'. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. मग कळलं की असा कुणी जगताप नाहीच. ना. वि. ज. ही अक्षरं उलटी वाचा. जयंत विष्णु नारळीकर! जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ, आणि त्यांनी टोपणनाव तर घेतलंच, शिवाय अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती.

यात गंमत आहे, पण मला ती गोष्ट गंमत म्हणून सांगायची नाही. नारळीकरांना आपलं नाव लपवणं गरजेचं वाटलं, कारण नाव कळलं असतं तर बक्षिसाला अर्थ राहिला नसता. आता हेच उलटं करून १८५५ ला लावा. 'तृतीय रत्न'वर नाव नसतं, तर? मला वाटतं तरीही फार उपयोग झाला नसता. भाषा बोलली असती, विषय बोलला असता. नाव झाकलं की पक्षपात थोडा झाकला जातो, सगळा नाही. कुणाच्या घरात कसं बोलतात हे वाक्यावाक्याला दिसतं. म्हणून स्पर्धेची जाहिरात वाचताना रक्कम बघता तसे परीक्षकही बघत जा.

स्वातंत्र्यानंतर दात्याची जागा पुन्हा सरकारने घेतली. १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. वाईच्या पाठशाळेत घडलेले शास्त्री. पेशवाईत रमण्यात त्यांचा मान पहिल्या रांगेतला असता, आणि इथे ते सगळ्या जातींच्या मराठी लेखकांसाठीच्या मंडळाचे अध्यक्ष. शंभर वर्षांत दक्षिणेचा प्रवास कुठून कुठे झाला, हे या एका माणसाकडे बघून कळतं. मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललितगद्य, बालवाङ्मय अशा प्रकारांत पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला त्यातून मदत होते. ती हस्तलिखितावर चालते. दक्षिणा प्राइझ कमिटीची ही खरी वारस आहे. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कवींचं पहिलं पुस्तक तिच्यामुळे निघालं. आता यात वाचकाच्या हाती किती प्रती पोचल्या, हा वेगळा प्रश्न.

राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी स्वतंत्र विभाग आहेत. कवितेच्या पहिल्या पुस्तकाच्या पुरस्काराला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, ललितगद्याच्या पुरस्काराला ताराबाई शिंद्यांचं. ही नावं ठेवणाऱ्यांनी कितपत विचार केला होता कोण जाणे, पण त्यात एक कडू सत्य आहे. बहिणाबाईंचं पहिलं पुस्तक त्या गेल्यावर निघालं, १९५२ ला. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे एकच पुस्तक काढलं, त्यावर टीकेची झोड उठली, आणि पुन्हा त्यांनी पुस्तक केलं नाही. साहित्य अकादमीने २०११ पासून पस्तिशीच्या आतल्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला, पन्नास हजारांचा. चांगलं आहे. पण बघा, हे सगळे छापून झालेल्या पुस्तकांचे पुरस्कार आहेत. आणि पहिलं पुस्तक, विशेषतः कवितेचं, आपल्याकडे बऱ्याचदा कवी स्वतःच्या खिशातून छापतो. म्हणजे आधी त्याने प्रकाशकाला द्यायचे, मग मिळाले तर पुरस्कारातून परत घ्यायचे. अलीकडे कथा-कविता स्पर्धांना प्रवेशशुल्कही असतं. रमण्यात निदान आत जायला पैसे लागत नव्हते!

आणि दात्याचा दातेपणा अधूनमधून जागा होतो. विनय हर्डीकरांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या आणीबाणीवरच्या पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार १९८१ साली सरकारने काढून घेतला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अनघा लेले यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार आठवड्याभरात रद्द झाला, निवड समितीच बरखास्त केली. सरकारं वेगळी, पक्ष वेगळे. पण दोन्ही वेळा मागची समजूत एकच की आम्ही देतो, तर आम्ही परतही घेऊ शकतो. मजुरी अशी परत घेता येते का? गवंड्याला भिंत बांधून झाल्यावर तुम्ही म्हणू शकता का, की तुझे विचार आम्हाला पटत नाहीत, पैसे परत कर?

म्हणून मला तो शब्द खुपतो. दक्षिणेचं बक्षीस झालं, बक्षिसाचं मानधन झालं. मोबदला व्हायचं अजून राहिलंय. शब्द बदलला की रक्कम वाढेल असा माझा भ्रम नाही. छोट्या अंकांच्या संपादकांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे, कागदाचा भाव, जाहिरातींची मारामार. कित्येक जण स्वतःचे पैसे घालून अंक काढतात. पण देता येत नसेल तर "देता येणार नाही" हे आधी सांगणं, आणि देणार असाल तर आकडा आणि तारीख सांगणं, याला कागदाचा भाव आड येत नाही.

तर त्या मुलीला मी परवा फोन केला. म्हटलं, विचार. "मानधन" लिहू नकोस, "मोबदला" लिही, किती आणि केव्हा ते विचार, आणि कथेचे हक्क तुझ्याकडेच राहणार ना तेही विचार. ती म्हणाली, "आणि त्यांनी कथाच परत पाठवली तर?" मी म्हटलं, तर दुसरीकडे पाठव. हे सांगायला मला काय जातं म्हणा. तिने त्याच रात्री पत्र लिहून मला वाचून दाखवलं. चार ओळींचं होतं. दोन ठिकाणी "क्षमस्व" लिहिलं होतं, ते तेवढं मी काढायला लावलं.

उत्तर अजून आलेलं नाही. आज ती मागच्या रांगेत बसलीय, म्हणून नाव सांगत नाही. प्रश्न असतील तर घेऊ या.